धरणाच्या बागेतला जमखाना

मला बघायला तोवर तीन ठिकाणची माणसं येऊन गेली होती. तिन्ही ठिकाणच्या माणसांना आमचं उप्पीट आवडलं, शिरा आवडला, म्हशी आवडल्या, मागच्या परड्यातली विहीर आवडली. एका मुलाच्या वडिलांना तर विहीर इतकी आवडली की चहा झाल्यावर ते पुन्हा एकदा जाऊन वाकून बघून आले. मी आवडले नाही असं कोणीच म्हणालं नाही. "कळवतो" म्हणाले आणि गेले. आमच्या भागात "कळवतो" म्हणून गेलेला माणूस पुढे काही कळवत नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. तरी आई नंतर कितीतरी दिवस दारात सायकलची घंटी वाजली की हात पुसत बाहेर यायची. बाहेर दूधवाला असायचा, आणि तोही आमच्याकडून दूध न्यायला आलेला.

आमचं घर कंग्राळीत, गावाच्या अगदी कडेला. पुढे शेत, मागे शेत आणि पलीकडे बेळगाव. आता बेळगाव आमच्या परड्यातून पुढे निघून गेलंय; जिथं रताळ्याचे वेल होते तिथं एका दवाखान्याच्या गाड्या उभ्या असतात. पण तेव्हा शहर नुसतं ऐकू यायचं. पहाटे दुधाच्या कॅनांचा खडखडाट शहराकडे जायचा आणि सकाळी कारखान्याचा भोंगा शहराकडून यायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमबागेत एका फौंड्रीत होते. पाळी संपवून यायचे, भाकरी खायचे आणि शेतात जायचे. झोपायचे कधी ते आम्हाला नीट कळलं नाही. भट्टीपाशी बोलून काही उपयोग नसतो, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलं होतं. त्यांची बहीण, माझी आत्या, खासबागेत दिलेली. तिच्या घरात पुढच्या खोलीत माग चालायचे, आणि त्या आवाजात ओरडल्याशिवाय कोणाला काही ऐकू जायचं नाही, म्हणून तिचा आवाज कायमचा चढलेला. ती कुजबुजली तरी शेजारची बाई भिंतीपलीकडून "काय म्हणालासा?" म्हणून विचारायची. एकाच आईची ही दोन लेकरं. एकानं काही सांगायचं नाही आणि दुसरीनं काही राखायचं नाही, यावर आमचं घर बरं चाललं होतं.

मी पीयूसी, म्हणजे तिकडची बारावी, पास होऊन घरात बसले होते. बसले होते म्हणजे पहाटे उठून शेण काढत होते, धारा काढत होते, शेतात भांगलायला जात होते, भाकऱ्या बडवत होते. पण त्याला आमच्याकडे घरात बसणंच म्हणतात. पुढे शिकायचं का, असं मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही ते कोणाला विचारलं नव्हतं. पीयूसीनंतर काय काय असतं, हे माहीत असलेलं माणूस आमच्या घरात नव्हतं. माझा थोरला भाऊ, अण्णा, दहावीला दोनदा बसून टेंपोवर गेला होता आणि सुखात होता.

दसऱ्याचं सोनं द्यायला आत्या आली ती बेत घेऊनच. चप्पल काढायच्या आत तिनं सुरुवात केली.

"घरात बोलवूच नगासा आता कुणाला. घरात आली की माणसं घर बघत्यात, म्हशी बघत्यात, हीर बघत्यात. पोरगी ऱ्हाती बाजूला. आता पोरगी बाहीर दावायची. बागंत."

"बागंत?" आई म्हणाली.

"धरणाच्या बागंत. निपाणीचं स्थळ हाय, चौगुले म्हणून. तंबाखूचं घर, पोरगा ब्यांकेत. त्येंनाबी निम्मी वाट, आपल्यालाबी निम्मी वाट. त्येंनी फिराय आल्यागत यायचं, आपुन फिराय गेल्यागत जायचं. कारंज्यापाशी गाठ पडंल. पर विषय काढायचा न्हाय. कुणीच काढायचा न्हाय."

"मग बोलायचं काय?" आप्पा म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं हे एकच वाक्य.

"हवापाण्याचं बोलायचं. बघायचं, जेवायचं, उठायचं. पसंत पडलं तर मधला माणूस येऊन सांगंल."

आज माझ्या भाचीला मुलगे मोबाइलवर दिसतात आणि ती त्यांना अंगठ्यानं बाजूला सारते. मी तिला ही बागेची गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे डेटच की." मी "व्हय" म्हणाले. आई, वडील, भाऊ, आत्या आणि दहीभाताचं पातेलं बरोबर घेऊन गेलेली डेट.

त्या दिवशी आई केव्हा उठली ते मला माहीत नाही. मी उठले तेव्हा वांगी भरून तयार होती आणि घरभर शेंगाच्या कुटाचा वास होता. आमच्या स्वतःच्या शेतातल्या बासमतीचा भात, त्यात दूध घालून वर दही, म्हणजे दुपारपर्यंत आंबायचा नाही. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, मिरचीचा खरडा, लसणाची चटणी, आणि रताळी नुकतीच निघालेली म्हणून रताळ्याच्या घाऱ्या. आत्यानं शहरातून खव्याचा कुंदा आणला होता. तो शालननं केलाय, असं सांगायचं ठरलं. शालन म्हणजे मी. मी आयुष्यात कुंदा केलेला नव्हता आणि अजूनही केलेला नाही.

अण्णानं आदल्या दिवशी टेंपोतून कोबी नेला होता. त्यानं टेंपो धुतला, उदबत्ती लावली, मागे जमखाना अंथरला. जमखाना आमच्या घरातला एकुलता, लग्नकार्याला गल्लीभर फिरणारा, निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा. त्यावर आई, आत्या आणि मी बसलो. काकती मागे पडेपर्यंत माझ्या नव्या साडीला कोबीचा आणि उदबत्तीचा मिळून एक तिसराच वास यायला लागला होता. दोन्ही बाजूंना भात पोटरीतून बाहेर पडून लोंब्या वाकल्या होत्या, ऊस उभा होता, आणि आश्विनाचं ते ऊन होतं, जे सावलीत असलं तरी लागतं. आत्या वाटेत मला बसायला शिकवत होती. मांडी घालायची नाही. पाय लांब सोडायचे नाहीत. दोन्ही पाय एका बाजूला मुडपून, पदर गुडघ्यावर, मान थोडी खाली. "आनि हलायचं न्हाय," ती म्हणाली. यमकनमर्डीच्या पुढे फाटा फुटेपर्यंत मी न हलायचा सराव केला. टेंपोत ते सोपं नव्हतं.

बाग मोठी होती. मी तोवर बाग म्हणून जे पाहिलं होतं ते शाळेपुढचे झेंडूचे वाफे होते. इथं धरणाच्या भिंतीखाली पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली हिरवळ, मधून पाण्याचे पाट, दोन्हीकडे झेंडू, शेवंती, तांबडी कर्दळ, आणि मेंदी कातरून केलेले प्राणी. त्यातल्या हत्तीला बऱ्याच दिवसांत कोणी कातरलेलं नव्हतं; त्याला सोंडेच्या जागी झुडूप आलं होतं. राखणदार शिट्टी वाजवत फिरत होता आणि फुलापाशी कोणाचा हात गेला की "हूव हरिब्याडरी!" म्हणून कानडीत ओरडत होता. आत्यानं फाटकातच एक शेवंती तोडून माझ्या केसांत खोचली होती. त्यानं शिट्टी वाजवली, आत्यानं त्याच्यापेक्षा मोठ्यानं "हूं हूं" केलं, आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

बागेत कारंजी दोन होती. हे मधल्या माणसानं सांगितलं नव्हतं. खालचं उडत होतं, वरचं कोरडं होतं. पण आम्हाला तेव्हा खालचंच दिसलं, आणि त्याच्या कडेला एक कुटुंबही दिसलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले वडील, आई, माझ्याहून थोडी मोठी मुलगी आणि उंच, चष्मा लावलेला मुलगा. मुलगा उंच आहे आणि चष्मा लावतो, एवढं मधल्या माणसानं सांगितलं होतं. आत्या पुढे झाली.

"निपाणीचं न्हवं?"

"हो, निपाणीचेच," ते वडील म्हणाले.

"आम्ही कंग्राळीचं."

"या की मग, बसा," त्यांची बायको म्हणाली आणि चटईवर जागा करायला सरकली.

आमच्याकडे आडनाव विचारल्याशिवाय माणूस पाणीसुद्धा पीत नाही. पण आत्याला ते आधीच माहीत होतं, म्हणजे माहीत आहे असं तिला वाटत होतं, आणि विषय काढायचा नाही हा नियमही तिनंच घातलेला. "चटईवर कशाला, आमच्या जमखान्यावर या सगळी," ती म्हणाली. ती माणसं नको नको म्हणाली. आत्यानं त्या बाईंच्या हाताला धरून उठवलं आणि आणून बसवलं. समोरच्या माणसांनी हे सगळं कसं घेतलं असेल, हे मला पुढे खूप दिवसांनी कळलं. त्यांना वाटलं, बेळगावकडची माणसं मोकळी असतात.

हवापाण्याचं बोलणं सुरू झालं. ते गृहस्थ शाळामास्तर होते, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. पाऊस या वर्षी बरा झाला यावर आप्पांनी मान हलवली. तंबाखूला मात्र जास्त झाला यावरही हलवली. थोड्या वेळानं आत्या म्हणाली, "पोरांनो, बाग बघून या जावा." तिनं ते असं म्हटलं की बागेतल्या सगळ्या पोरांनी वळून बघितलं. चष्मेवाला मुलगा, त्याचं नाव मिलिंद, उठला आणि धरणाचे दरवाजे बघायला एकटाच सरळ निघून गेला. मला ते सभ्यपणाचं वाटलं. मी आणि त्याची बहीण सुजाता राहिलो.

"तू काय करतीस?" पायऱ्या चढताना सुजातानं विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. "सैपाक सगळा येतो," मी म्हणाले. "भरतकाम येतं. लोकरीचं येतं थोडं."

ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. "ते न्हाय गं. शिकतीस काय?"

"पीयूसी झाली."

"सायन्स?"

"व्हय."

"पास?"

"फर्स्ट क्लास."

"मग घरात का बसलीस?"

होणाऱ्या नणंदेनं असं विचारायचं असतं हे आत्यानं सांगितलं नव्हतं. सुजाता बेळगावात पॉलिटेक्निकला होती, सिव्हिलला, हॉस्टेलवर राहायची. वर पोचल्यावर तिनं मला धरणाच्या भिंतीकडे बोट करून दाखवलं. "बघ, वर निमुळती आणि खाली किती रुंद. का सांग?"

"पडू नये म्हणून."

"पर खाली का रुंद? पाणी जितकं खोल तितका जोर जास्त. भिंतीला सगळ्यांत जास्त ताण तळाला. वरनं बघणाऱ्याला कळत न्हाय ते." तिनं एक काडी घेतली आणि मातीत भिंतीचा उभा छेद काढून दाखवला, बाणांसकट. खालचे बाण लांब, वरचे आखूड.

मी वाकून बघत राहिले. त्या वर्षात लोक माझ्याशी बरंच बोलले होते, पण सगळे माझ्याबद्दलच बोलले होते: रंग, उंची, नाक, आवाज. माझा ज्याच्याशी काही संबंध नाही असं काही मला फार दिवसांनी कोणी सांगत होतं. खाली उतरताना मी मनाशी ठरवलं. मुलगा कसा आहे ते मला सांगता आलं नसतं, तो अजून दरवाजे बघत होता. पण नणंद मला पसंत होती.

जेवण लांबलं. डबे उघडले, तसे त्यांचेही उघडले आणि सगळं मधे आलं. त्यांच्या आईनं पाटवड्या आणल्या होत्या, वर खसखस-खोबरं भुरभुरलेल्या, आणि मेथीचा झुणका. आत्यानं पाटवड्या घेतल्या, पुन्हा घेतल्या, आणि मग त्यांचा डबाच आपल्याकडे ओढून घेतला. "आक्का, हाताला चव हाय तुमच्या," ती म्हणाली. त्या बाई म्हणाल्या, "तुमची वांगी खाऊन बघतोय न्हवं, आम्ही काय करणार त्येच्यापुढं." आई लाजली. कुंदा निघाला. "शालननं केलाय," आत्या म्हणाली. "अगदी दुकानातल्यासारखा झालाय की," त्या बाई कौतुकानं म्हणाल्या, आणि अण्णाला ठसका लागला. एकंदरीत मला बघायच्या कार्यक्रमांतला हा सर्वांत चांगला चालला होता. मी पाय एका बाजूला मुडपून, शिकवल्याप्रमाणे, न हलता बसले होते.

तेवढ्यात वरच्या बाजूनं तिघं जण पायऱ्या उतरून आले. पुढे टोपी घातलेले, घामाघूम झालेले एक गृहस्थ, मागे त्यांची बायको, आणि तिच्या मागे उंच, चष्मा लावलेला मुलगा.

"कंग्राळीचं पाव्हणं तुमीच काय?" ते गृहस्थ म्हणाले. "आम्ही चौगुले. सकाळधरनं त्या वरच्या कोरड्या कारंज्यापाशी बसलोय."

आत्यानं चौगुल्यांकडे बघितलं, मग गुरुजींकडे, मग पुन्हा चौगुल्यांकडे. तिच्या हातात पाटवडी होती. चौगुल्यांच्या मुलानं गुरुजींना बघितलं आणि त्याचे हात आपोआप जोडायला वर आले. शाळेत तो त्यांच्या वर्गात होता. मग त्यानं वडिलांकडे बघितलं आणि हात तिथंच, छातीच्या थोडे खाली, थांबले. ते खाली घ्यावेत की वर न्यावेत हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं चष्मा काढून पुसला.

चौगुले वाकून आत्याच्या कानापाशी गेले आणि म्हणाले, "ही कांबळे गुरुजी. बौद्ध समाजातली. ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

आत्या कुजबुजली, "म्हंजे मी ह्येंच्या डब्यातलं खाल्लं?"

आत्याच्या कुजबुजण्याचं मी आधीच सांगितलंय. ते कारंज्यापलीकडे बसलेल्या माणसांनीही ऐकलं. ती उठली आणि पाटापाशी जाऊन चुळा भरायला लागली. बऱ्याच भरल्या. तिच्या चुळांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. गुरुजींची बायको आपले डबे गोळा करायला लागली. तिनं ते अजिबात घाई न करता केलं, एकेका डब्याचं झाकण नीट बसवून, जणू जेवण संपलंच होतं. गुरुजी उठले. सुजाता उठली. मिलिंद तेवढ्यात धरणाचे दरवाजे बघून परत आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला.

"चला, उठा," आप्पा म्हणाले आणि त्यांनी जमखान्याचं एक टोक हातात घेतलं. आई उठली. अण्णा उठला. "शाले, ऊठ."

मी उठले नाही.

ही गोष्ट पुढे आमच्या भागात बरीच फिरली आणि फिरता फिरता मोठी झाली. कडोलीच्या साहित्य संमेलनात एकदा एका वक्त्यानं मला बाजूला घेऊन, तुम्ही त्या काळात केवढं धैर्य दाखवलंत, असं सांगितलं. म्हणून इथं जे झालं ते लिहून ठेवते. माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. कमरेखाली मला काही आहे की नाही हे कळत नव्हतं. मी उठायचा प्रयत्न केला असता तर दहीभातात पडले असते. मी मनापासून आप्पांचं ऐकायला तयार होते. पाय तयार नव्हते.

"उठत न्हाय व्हय पोरगी?" चौगुल्यांची बायको म्हणाली. ती थोडी पुढे आली आणि माझ्या पदराखाली बघायचा प्रयत्न करायला लागली. "पायात काय दोष हाय काय?"

आत्या पाटापासून ओरडली, "पाय चांगलं हाईत! सायकल चालवती! शाले, ऊठ, चालून दाव त्येंना!"

तोवर पायांत जीव येत होता. आधी तळव्यांत सुया, मग पोटऱ्यांत, मग ऊब. मी साडीखाली बोटं हलवून बघितली, हलली. आता मी उठू शकत होते. आप्पा टोक धरून उभे होते. चौगुल्यांची बायको पायांकडे बघत होती. आधीच्या तिन्ही वेळा मी चालून दाखवलं होतं, स्वयंपाकघरापासून पुढच्या सोप्यापर्यंत आणि परत, ट्रे घेऊन आणि ट्रेशिवाय; त्यात मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. शेजारी सुजाता आपल्या चपला घालत होती, कोणाकडेही न बघता, आणि आत्यानं अर्धा खाल्लेला डबा तिच्या आईनं पिशवीत सगळ्यांत वर ठेवला होता.

"सुजाता, बस की," मी म्हणाले. "भात ऱ्हायलाय अजून."

सुजातानं माझ्याकडे बघितलं. ती बसेल असं मला वाटलं होतं. ती बसली नाही.

"न्हाय. आम्ही निघतो," ती म्हणाली. ती रागावली होती, आणि तिनं का बसावं, हे आज मलाही सांगता येणार नाही. "पर तू ये. जूनमध्ये पॉलिटेक्निकात ये. सिव्हिलला माझं नाव विचार."

गुरुजी आप्पांकडे वळले. शाळेत निरोप सांगावा तसे सरळ, स्पष्ट बोलले. "आम्ही बोलावलं नव्हतं, तुम्ही आलात. आलात ते बरं वाटलं होतं. येतो." आणि ती चौघं मेंदीच्या हत्तीवरून वळून फाटकाकडे निघून गेली. चौगुल्यांचा मुलगा वळून त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा चष्मा अजून हातातच होता.

चौगुले म्हणाले, "मग, बसायचं का आता?"

आप्पांच्या हातात टोक होतं. त्यांनी ते सोडलं. "पोरीचं जेवण व्हायचंय," ते म्हणाले, आणि जमखान्यावर माझ्यासमोर येऊन बसले. चौगुल्यांना बसा म्हणाले नाहीत. मी दहीभात कालवला आणि खाल्ला. सगळे बघत होते. चौगुले थोडा वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "बरं, कळवतो."

परत येताना आत्या पुढे अण्णा-आप्पांशेजारी बसली आणि बेळगाव येईपर्यंत बोलत राहिली. तिचं चुकलं नव्हतं, मधल्या माणसाचं चुकलं होतं. त्याचं नसलं तर कारंज्याचं. आणि कोणाचंच नसलं तर माझं. मागे आई आणि मी. ऊन उतरलं होतं, भाताचा वास येत होता. आई म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात्या न्हवं?"

"व्हय."

"गेल्या कवा?"

मी पदर गुडघ्यावर नीट केला. आई रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला दिसलं, बोटं हलीवलीस ती." एवढंच म्हणाली. मग तिनं माझे पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि घर येईपर्यंत दाबत राहिली.

आत्यानं घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवसापासून खासबागेत ज्याला त्याला ती हकीकत सांगितली. पोरगी त्यांच्यात बसून जेवली, उठ म्हटलं तर उठली नाही, बापाचं ऐकत नाही. हकीकत कंग्राळीत पोचायला दोन दिवसही लागले नसावेत. स्थळं यायची थांबली. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली आणि संपली; आमच्या सोप्यावर उप्पीट खायला कोणी आलं नाही. विहीर कोणी बघितली नाही. आई काळजीत होती, अण्णा माझ्याशी कधी बोलायचा, कधी नाही. आप्पा पाळी, भाकरी, शेत करत राहिले. मग एकदा वळवाचा पाऊस पडून गेल्यावर भाकरी खाताखाता म्हणाले, "स्थळं काय येईनात. तवर शीक की."

माझ्या शिक्षणाचा निर्णय तो एवढाच. लोक मला विचारतात, घरातून पाठिंबा होता का. होता असं मी सांगते. माझं लग्नही पुढे झालं, रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. नोकरीसाठी कानडीची परीक्षा द्यावी लागली, तिची तयारी सुजातानं माझ्याकडून करून घेतली. ती स्वतः खूप वर चढली, मोठी साहेब झाली. आत्या एकदा दिराच्या मुलाच्या बदलीसाठी तिच्या ऑफिसात गेली होती. तिथं तिनं चहा घेतला. बिस्किटंही घेतली.

पण ते सगळं नंतरचं. प्रवेशाच्या दिवशी आप्पा रात्रपाळी करून आले आणि तसेच मला सायकलवर मागे बसवून पॉलिटेक्निकवर घेऊन गेले. फाटकापाशी सुजाता उभी होती, आणि तिला हॉस्टेलवर सोडायला आलेले गुरुजी. दोघे बाप समोरासमोर आले. आप्पांच्या शर्टावर भट्टीची काजळी होती, गुरुजींच्या शर्टाला इस्त्री होती. आप्पांनी सायकल झाडाला टेकवली, ती घसरली, पुन्हा टेकवली. बागेतल्या त्या दिवसाबद्दल काहीतरी बोलावं म्हणून ते आले असावेत, असं मला वाटलं, कारण त्यांचे ओठ हलले. पण बोलायची सवय नसलेल्या माणसाला नेमकं तेच कठीण जातं. ते कोपऱ्यावरच्या गाड्याकडे गेले, दोन्ही हातांत दोन पेले चहा घेऊन आले आणि एक गुरुजींपुढे धरला. गुरुजींनी लगेच घेतला नाही. आप्पांचा हात तसाच राहिला. पेला भाजत असणार, पण त्यांना भट्टीची सवय होती. मग गुरुजींनी तो घेतला.

दोघांनी उभ्याउभ्या चहा संपवला. आप्पांनी पेला खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि गुरुजींना म्हणाले, "आमची पोरगी एकदा बसली की उठत न्हाय. तेवढं सांभाळून घ्या."